अंगठा आणि पाचवं शील

उजव्या पायाचा अंगठा सुजला तेव्हा वाटलं, मुंगी-बिंगी चावली असेल. दुपारपर्यंत असा ठणका लागला की चादरीचं टोक टेकलं तरी जीव जायचा. आमच्या चिरंजिवांनी, अभयनं, हिंजवडीच्या ऑफिसात बसून इंटरनेटवर शोध लावला. फोनवर म्हणाला, "बाबा, हा गाऊट. राजेलोकांचा आजार. दारू-मटणानं होतो." मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त हेडक्लार्क. राजा म्हणे.

शनिवारी तो मला कर्वेनगरातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी अंगठा बघितला आणि विचारलं, "काका, दारू घेता का?"

मी तोंड उघडायच्या आत अभय म्हणाला, "घेत असतील. आम्हाला सांगत नाहीत."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. छप्पन साली माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, आणि मी जन्मात थेंब चाखलेला नाही. दर रविवारी विहारात पंचशील मी सांगतो, लोक माझ्यामागून म्हणतात. पाचवं शील दारू-नशेपासून दूर राहण्याचं. बारा वर्षं तो मान माझा. दुसरी इस्टेट मी केलेली नाही.

बाईंनी सुजेच्या गोळ्या दिल्या, रक्त तपासायला सांगितलं. "आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पुढच्या वेळी घेऊन या," म्हणाल्या.

रविवारी लंगडत विहारात गेलो, तर सेक्रेटरी सर्जेराव दारातच उभे. "दशरथराव, आज तुम्ही बसून घ्या. पंचशील दुसरं कुणी सांगेल."

"पाय दुखतोय माझा, जीभ नाही."

ते खाली बघत म्हणाले, "अभयचा फोन होता. बाबांना तुम्ही समजवा, म्हणाला. काळजीनंच म्हणाला हो."

असली काळजी वैऱ्याचीही कुणी करू नये. मी मागच्या रांगेत बसलो. माणसं वळूनवळून माझ्या अंगठ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलंही नाही.

बुधवारी रिपोर्ट आला. बाई अभयसमोरच म्हणाल्या, "युरिक ॲसिड वाढलंय. त्याचे बारीक कण सांध्यात साठतात, म्हणून हा ठणका. न पिणाऱ्यालाही होतो. काकांची ही ब्लडप्रेशरची गोळी लघवी वाढवते, पण युरिक ॲसिड आत अडवते. ती बदलू. सूज उतरली की युरिक ॲसिडची गोळी रोज घ्यायची. दुखणं थांबलं म्हणून बंद करायची नाही."

बाहेर आल्यावर अभय म्हणाला, "सॉरी, बाबा. मी सर्जेरावकाकांना फोन करतो."

"फोन नको. विहारात सांग. सगळ्यांसमोर."

पुढच्या रविवारी त्यानं सांगितलं. चूक माझी, असंही म्हणाला. सर्जेरावांनी मला हाताला धरून पुढे नेलं.

आता माझंही एक सांगतो. गेली दोन वर्षं कंपनीच्या पार्टीहून अभय घरी आला की दार मी उघडायचो. वास मला यायचा. त्याच्या आईला, सुंदराबाईला, मी सांगायचो, "दमलाय, झोपू दे." कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

चार शीलं झाली. पाचव्याला मी समोर बघितलं. अभय हात जोडून माझ्याकडे बघत होता, आणि चक्क घाबरलेला होता. बाप आता आपलं सांगतो की काय, ही भीती. डॉक्टरांसमोर लागलं नव्हतं एवढं मला ते लागलं. तीस वर्षं एका घरात राहून पोरानं मला एवढंच ओळखलं होतं.

मी पाचवं शील सांगितलं. सगळ्यांनी मागून म्हटलं. त्याचा आवाज आला नाही.