घळीतली रिंग

वाघजबड्याच्या पॉइंटला रेलिंग लावा म्हणून मी कित्येक वर्षं बोंबलतोय. रेलिंग काही लागलं नाही, सेल्फी पॉइंटचा बोर्ड मात्र लागला. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. अर्धी नवी मुंबई हातात भजीची पुडी घेऊन कड्याच्या टोकाशी उभी असते आणि खालच्या घळीत दगड टाकून बघत असते. माझं वाशीला दोरखंड-ताडपत्रीचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी त्यातलेच दोर घेऊन मी आणि आमची चार-पाच डोकी दरीत पडलेल्यांना वर काढतो. पगार नाही, पाणी नाही. घरचे म्हणतात, फराज, तुला वेड लागलंय. लागलं असेल.

सौरभ मात्र भजीवाल्यांतला नव्हता. घणसोली गावातला मुलगा, महापेच्या एका कंपनीत कामाला. दर रविवारी मित्रांबरोबर लेण्यांत जायचा. पॉइंटच्या पोटात जुनी बौद्ध लेणी आहेत, बाजूने एक अरुंद वाट जाते तिथे. ही पोरं लेण्यांतला कचरा काढायची, भिंतीवर कोरलेली अक्षरं वाचायला शिकायची. चांगली पोरं. असली पोरंच पडतात, काठावर नाचणाऱ्यांना काही होत नाही, हा माझा अनुभव आहे आणि त्याचा मला संताप येतो. ऑगस्टमधला रविवार होता, वाटेवर शेवाळ धरलेलं. परत येताना त्याचा पाय सरकला. मित्रांना फक्त खालची कारवीची झुडपं हललेली दिसली.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. धुकं इतकं की स्वतःचे बूट दिसेनात, आणि घळीतून पाण्याचा लोट चाललेला. आमच्या मागोमाग त्याची मोठी बहीण संघमित्रा आली, ऑफिसच्या कुठल्या तरी कार्यक्रमातून उठून तशीच, चांगल्या साडीत. बरोबर तिचा किसनमामा.

"त्याचा फोन लागतोय," ती म्हणाली. "वाजतो, पण उचलत नाही."

"आता लाव."

तिने लावला. आम्ही सगळे गप्प झालो. खालून, पाण्याच्या आवाजाआडून, बुद्धवंदना ऐकू आली. अगदी बारीक.

"त्याचीच रिंगटोन!" संघमित्रा ओरडली. "वाजतोय ना, भाऊ? ऐकलं ना तुम्ही?"

ऐकलं. पण आवाज घळीच्या दोन्ही भिंतींवर आपटून वर येत होता. कुठल्या अंगाने येतोय ते सांगता येईना. त्या पाण्यात अंधाराचं उतरणं म्हणजे एकाचे दोन करणं. मी ठरवलं, उजाडलं की दोघांनी दोन बाजूंनी खाली जायचं, मी वॉकीटॉकीवर सांगितलं की वरून रिंग द्यायची, आणि दोघांनी आपापल्या बाजूने कानोसा घेत त्याच्यापर्यंत पोचायचं. त्याच्या मित्राने सांगितलं, दुपारी बॅटरी निम्म्याच्या वर होती. तेवढी पुरली असती.

"तोपर्यंत त्या नंबरवर कोणीही फोन करायचा नाही," मी संघमित्राला बजावलं. "बॅटरी गेली की आपले कान गेले."

पोरगी खमकी. डोळे पुसले आणि कामाला लागली. मित्र, चुलतभाऊ, महाडकडचे नातेवाईक, सौरभच्या कंपनीतले लोक, एकेकाला फोन करून हात जोडून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. आपल्याकडची माणसं काळजीपोटी फोन करून करून जीव काढतात, पण त्या रात्री एकानेही केला नाही. मला त्याचं खरंच कौतुक वाटलं.

"आन् अक्काला?" किसनमामाने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "अक्काला काय कळता कामा नये. तिचं बीपी माहीत हाय ना तुला? उगाच हितं एकाला काढताना तिथं दुसरं."

संघमित्राने आईला फोन केला. पावसामुळे सौरभची सगळी मंडळी लेण्यांखालच्या गावातच मुक्काम करतायत, मीही मैत्रिणीकडे थांबते, आणि त्या गावात रेंज नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

मी तिथेच उभा होतो. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या घरीही हेच चालतं. अब्बांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा अम्मीला आम्ही सगळ्यांत शेवटी सांगितलं होतं. आईला शेवटी सांगायचं, याला आपण माया म्हणतो.

रात्रभर पाऊस कोसळत होता, मागच्या टपरीत बसलेल्या आम्हाला घळीतलं काहीच ऐकू येत नव्हतं. सकाळी फटफटलं तसे आम्ही दोन्हीकडून दोर सोडले. मी डाव्या भिंतीने उतरलो, आमच्यातला प्रसाद उजव्या. अर्ध्यावर पोचल्यावर वॉकीवर सांगितलं, "संघमित्रा, लाव."

नुसतं पाणी ऐकू आलं.

"लावलास का?"

"फराजभाऊ, स्विच ऑफ सांगतोय."

"परत लाव."

"परत लावला. बंदच आहे."

मी दोराला लटकून सगळ्यांना शिव्या घातल्या. कोणी केला फोन? कोणीतरी केलाच असणार. वरून किसनमामा, मित्र, सगळे शपथा घेत होते. मग आम्ही आंधळ्यासारखे शोधत राहिलो. हाका मारल्या. त्या घळीत हाकसुद्धा फिरून आपल्यालाच ऐकू येते. काल आवाज डावीकडून आल्यासारखा मला वाटला होता, म्हणून सगळ्यांना डावीकडे लावलं. दुपारी पाणी वाढलं आणि वर यावं लागलं.

वर आलो तेव्हा संघमित्राचा फोन वाजत होता. आई. तिने घेतला. भिमाबाईंचा आवाज असा खणखणीत की शेजारी बसून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"संघे, त्या सौरभला सांग, आईचा फोन उचलाया हात मोडतो का तुजा? तू म्हंतेस रेंज नाय. रेंज नाय तर वाजतोय कसा? काल दिवस मावळल्यापास्नं लावतेय. झोप नाय का काय नाय, रातभर लावलाय. वाजतोय, वाजतोय, उचलत नाय. आता पहाटेपास्नं तर बंदच करून ठेवलाय त्यानं. काल सकाळी घरनं जाताना बोलले म्हनून रुसलाय व्हय? दर रविवारी डोंगर, दर रविवारी डोंगर, आईपाशी बसाया येळ नाय म्हनले, त्याचा येवढा राग?"

संघमित्राने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. सगळ्या जगाला फोन करू नका म्हणून सांगितलं, आणि एका माणसाला सांगायचं टाळलं.

"देतीस का त्याला? हाय का तुज्याजवळ?"

"आलाय माझ्याकडे, आई," संघमित्रा म्हणाली. "झोपलाय. उठला की देते."

फोन ठेवून तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला. किसनमामा लांब जाऊन दगडावर बसला आणि दिवसभर तिथून उठला नाही.

मंगळवारी पाऊस उघडला आणि तो सापडला. उजव्या भिंतीला, एका कपारीत. सोमवारी प्रसाद ज्या दोराने उतरला होता त्याच्यापासून फार लांब नाही. एक रिंग वाजली असती तर प्रसाद थेट त्याच्याकडे गेला असता. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला विशेष मार नव्हता. फोन उताराला एका फटीत अडकलेला. हात लांबवला तरी वीतभर पुढे राहील असा. आणि त्याने हात लांबवलेला होता. तिथलं शेवाळ बोटांनी खरवडून निघालं होतं, खालचा काळा दगड दिसत होता. डॉक्टर म्हणाले, सोमवारची दुपार तरी त्याने पाहिली असावी.

म्हणजे रात्रभर तो रिंग ऐकत होता. पडद्यावर 'आई' उजळायचं, विझायचं. पुन्हा उजळायचं. मी खूप माणसं काढली आहेत, पण त्या ओरखड्यांनी माझी झोप नेली ती नेलीच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी घणसोलीला गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण त्याची पाठपिशवी माझ्याकडे राहिली होती. गावठाणातल्या दोन खोल्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, फोटोपुढे मेणबत्त्या. दारातच संघमित्राने मला गाठलं. "भाऊ, आईला फोनचं काही बोलू नका. पाया पडते."

भिमाबाई खाली सतरंजीवर बसल्या होत्या. खणखणीत आवाजाची ती बाई मला ओळखूच आली नाही. मी पिशवी पुढे ठेवली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि तिचे बंद नीट करत राहिल्या.

"दादा, तुमीच काढलं ना त्याला?"

"हो, मावशी."

"मला सगळ्यांनी फशिवलं. तुमी तरी खरं सांगा. मी रातभर फोन लावत व्हते. त्याला ऐकाया जात व्हता का?"

पाण्याचा ग्लास घेऊन संघमित्रा दारात उभी होती. तिने हळूच 'नाही' अशी मान हलवली.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "फोन पडतानाच हातातून सुटला होता. फार वर अडकला होता. त्याच्यापर्यंत आवाज गेलाच नसणार."

मला वाटलं, बाईच्या जिवाला तेवढाच आधार. त्या पिशवीकडे बघत राहिल्या. मग एकदम त्यांचा चेहरा पडला.

"मंजी तो तिथं एकटा पडलेला," त्या म्हणाल्या, "आनि त्याला वाटलं आसंल, मी घरला न्हाय गेलो तरी आईनं एक फोन सुदिक केला नाय."

मी तोंड उघडलं. संघमित्रा माझ्याकडे बघत होती. खरं सांगितलं तर काय होईल ते मला माहीत होतं, आणि खोट्याने काय झालं ते माझ्यासमोर बसलं होतं. मी ग्लास घेतला आणि पाणी प्यायलो.

"रुसूनच गेला माज्यावर," भिमाबाई म्हणाल्या.