बाशांनी कॉफी प्यायली

फव्वाज कंत्राटदार रायिदला ओळखत नव्हता. कामगार कचेरीत त्याने तसं सांगितलं होतं. इस्पितळाच्या कागदावर त्याच्या माणसाने 'घरच्या जिन्यावरून पडला' असं लिहवून घेतलं होतं. आणि आता हाच फव्वाज त्या अनोळखी माणसाच्या घरी, झरका शहरातल्या अरुंद गल्लीत, गाड्यांची रांग लावून माफी मागायला येणार होता. रायिदच्या बायकोला, विजदानला, याचं नवल वाटलं नाही. खोटं बोलणाऱ्यांना आपलं खोटं नीट सांभाळण्याइतकीही शिस्त नसते, हे तिने बघितलेलं होतं.

रायिद अम्मानच्या श्रीमंत वस्तीत एका बंगल्याच्या बाहेरच्या भिंतीवर दगड बसवत होता. परांची कोसळली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सोबतचे मिस्री कामगार दुसऱ्या दिवसापासून दिसेनासे झाले. त्यांचे कामाचे परवाने फव्वाजच्या हातात होते.

वकीलबाई इखलासने विजदानला सगळं एकदाच, सरळ सांगितलं होतं. "विम्याची कचेरी, कामगार न्यायालय आणि पोलीस, अशी तीन दारं आहेत. किल्ली मात्र एकच. तो त्या माणसाच्या कामावर होता, हे दाखवता आलं पाहिजे. आणि हक्क सोडल्याच्या कागदावर रायिदची सही होता कामा नये. बाकी कोणी काहीही बरळू दे."

बरळायला काका होते. हाज मुफलिह हे रायिदच्या वारलेल्या वडिलांचे थोरले भाऊ. समेटासाठी फव्वाज आणणार होता ती प्रतिष्ठितांची मंडळी त्यांच्यापुढे बसणार, शब्द तेच देणार. सकाळपासून ते सोनेरी काठाचा झगा अंगावर चढवत होते, उतरवत होते.

"सत्तामबाशा स्वतः येतायत, पोरी. आपल्या गल्लीत बाशा कधी आला होता?"

"फौजेतले बडे अधिकारी निवृत्त झाले की त्यांना गल्ल्या दिसायला लागतात, काका."

"तुझी जीभ म्हणजे कात्री आहे. माणूस एवढ्या मोठ्या लोकांना घेऊन दारात येतोय, म्हणजे आपला मान ठेवतोय."

"पाय ठेवला असता तर बरं झालं असतं."

काकांनी ऐकलं नाही, म्हणजे ऐकूनही ऐकलं नाही. त्यांना एकाच क्षणाची ओढ होती. मंडळींचा प्रमुख कडू कॉफीचा पेला पुढ्यात ठेवतो, त्याला ओठ लावत नाही. यजमान जेव्हा म्हणतो 'प्या, कॉफी प्या', तेव्हा मागणी मान्य झाली असं समजायचं. हे तीन शब्द बाशांना ऐकवायचे, म्हणून काका दोन रात्री झोपले नव्हते.

विजदानने त्यांचा झगा झटकून खुंटीला लावला. त्यांना 'नको' म्हणून उपयोग नाही, हे ती जाणून होती. फुगलेल्या माणसाला टाचणी लावण्यापेक्षा आणखी थोडी हवा भरावी.

"म्हणा हो तुम्ही 'प्या'. पण आमच्या गावाकडे आजोबा आधी विचारून घेत. माणूस कोणाचा, काम कोणाचं, घडलं काय. पाहुण्याने तोंडाने कबूल केल्याशिवाय पेला हलत नसे. आता कोण विचारतंय! बाशा समोर बसला की यजमानाची वाचा जाते."

"माझी जाईल?"

"तुमची नाही हो. समोरचे अबू रिझ्क आपले म्हणत होते."

"अबू रिझ्क!" काका लाल झाले. "त्या कोंबडीविक्याला सांग, दारात उभा राहून ऐक म्हणावं."

दुपारची नमाज आटोपून मंडळी आली. गडद कोट, लाल चौकड्यांचे रुमाल, अत्तराचा ढग. निम्म्या लोकांना आपण कोणाकडे आलोय हे माहीत नव्हतं. एकाने जिन्यातच विचारलं, "मुलगी कोणाची आहे?" त्याला दुसऱ्याने गप्प केलं, लग्नाची मागणी संध्याकाळची होती, कुनाफ्याची मिठाई तिकडे मिळणार होती. बाशांसोबत त्यांचा फोटोवालाही होता. बाशा जिथे समेट घडवत तिथलं चित्रीकरण तो त्याच रात्री त्यांच्या समाजमाध्यमावरच्या पानावर टाकत असे.

विजदान आणि इखलास स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभ्या होत्या.

"भाड्याने आणलेत वाटतं," इखलास कुजबुजली.

"भाड्याच्या खुर्च्या तरी नीट पुसलेल्या असतात."

पेला ठेवला गेला. बाशा घसा साफ करून उठले. फव्वाजने त्यांना गाडीत पुन्हा पुन्हा समजावलं असणार: शेजारधर्म म्हणा, माणुसकी म्हणा, कामाचं नाव काढू नका. बाशांनी सुरुवात तशीच केली. माणुसकी झाली, नशीब झालं, अल्लाची मर्जी झाली. मग काकांनी हात वर केला.

"बाशा, घर तुमचं आहे. पण रीत रीतीने होऊ दे. माणूस कोणाचा? काम कोणाचं? काय घडलं?"

दारातल्या अबू रिझ्कने मान पुढे काढली. बाशांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद पसरला. हा प्रश्न त्यांना पाठ होता आणि उत्तरही पाठ होतं. आयुष्यभर त्यांनी एकच भाषण केलं होतं, फक्त नावं बदलत.

"आम्ही कबुली घेऊन आलोय, हाज!" त्यांचा आवाज चढला. "तुमचा मुलगा आमच्या माणसाच्या, या फव्वाजच्या कामावर होता. फव्वाजच्या परांचीवरून पडला. चूक आमची, हक्क तुमचा. जो कबूल करत नाही त्याने मंडळी घेऊन दारात येऊ नये!"

फव्वाज खोकला. मग पुन्हा खोकला. प्रमुख बोलत असताना मंडळींतल्या कोणी तोंड उघडायचं नसतं. त्याने उघडलं असतं तर बाशांचा अपमान झाला असता आणि संध्याकाळच्या मागणीत त्याला मागच्या रांगेत बसावं लागलं असतं. तो खोकत राहिला. फोटोवाल्याने भाषणाला उठाव यावा म्हणून त्याचा चेहरा जवळून टिपला.

इखलासने विजदानचं मनगट धरलं.

"प्या, बाशा," काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कॉफी प्या. आम्ही हक्क सोडला."

बाशांनी एका घोटात कॉफी संपवली. सगळ्यांनी 'वाहवा हाज' केलं. विजदानला त्या क्षणी आपल्या काकांची जी किळस आली, ती फव्वाजचीही आली नव्हती. फव्वाज निदान स्वतःचे पैसे वाचवत होता. हे गृहस्थ दुसऱ्याचा पाय दान करत होते.

फव्वाजला कंठ फुटला. कागद आणि पेन घेऊन तो आतल्या खोलीत शिरला. रायिद पलंगावर उशीला टेकून बसला होता. पायावरची चादर उजवीकडे अर्ध्यातच सपाट झाली होती. विजदान दारात येऊन उभी राहिली, मागे काका आणि बाशा.

"अल्ला तुला बरं करो, भावा. इथे एक सही. औपचारिकता आहे."

रायिदने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"माफ करा हं. आपण कधी भेटलोय का?"

"रायिद, थट्टा करू नकोस."

"थट्टा कसली? कामगार कचेरीत तुम्हीच सांगितलंत की तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसाच्या कागदावर मी सही करत नाही. तशा कागदांवर माणूस घरच्या जिन्यावरून पडतो."

"मी शब्द दिलाय!" काका ओरडले. "बाशांनी कॉफी प्यायलीय! माझ्या दाढीची लाज राख!"

विजदान बाजूला झाली नाही. "कॉफी तुमची होती, काका, ती तुम्ही पाजलीत. पाय रायिदचा आहे. न्यायालयात त्याचीच सही लागते, दाढीची नाही."

बाशा घड्याळ बघत होते. त्यांचं काम कॉफीपर्यंतच होतं. "हे तुमचं घरचं आहे," ते म्हणाले, आणि लग्नाच्या मागणीला निघाले. मंडळी जिन्यावरून घाईने उतरली. काका रिकाम्या खुर्च्यांमध्ये झगा सावरत बसून राहिले. अबू रिझ्कने जाता जाता त्यांना विचारलं, "मग हक्क सुटला की नाही?"

चित्रीकरण रात्री बाशांच्या पानावर आलं. खाली अभिनंदनांचा पाऊस. इखलासने ते उतरवून घेतलं आणि सकाळी अर्जासोबत जोडलं.

दुपारी फव्वाजचा फोन आला. आवाजात साखर होती. "बहिणी, ते चित्रीकरण काढायला सांग ना. लोक उगाच गैरसमज करून घेतात."

"आमचं कुठे आहे? बाशांना सांगा."

"सांगितलं. म्हणाले, काढलं तर लोक म्हणतील बाशांची मंडळी फुकट गेली." तो विनवू लागला. "तू तरी बोल त्यांच्याशी. एवढे सुशिक्षित लोक तुम्ही."

"बोलले असते," विजदान म्हणाली. "पण आमची ओळख नाही."

तिने फोन ठेवला. बाशांचा पेला अजून मोरीत पडला होता, तळाला गाळ सुकलेला. तो घासायचं तिच्या मनात नव्हतं. तिने तो कचऱ्यात टाकला आणि रायिदच्या कुबड्यांचं माप घ्यायला आत गेली.