वरून वाळलेली हराळी

दवाखान्याच्या भिंतीवर एक चित्र होतं. तलवार उपसलेली बाई आणि खाली 'कॅन्सरयोद्धा'. समजावणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "छायाताई, लढायचं."

"माझंच अंग हाय. तलवार कुणावर चालवू?"

मॅडमचं तोंड उतरलं. आम्ही मखमलाबादला टोमॅटो लावतो हे कळल्यावर त्यांनी चित्र बदललं. "मग सोपं आहे. छातीतली गाठ म्हणजे कीड, केमो म्हणजे फवारणी."

माझ्या नवऱ्याला, भिमाजीला, हे लगेच पटलं. नको तेवढं पटलं.

चार डोसांनंतर गाठ हाताला लागेना. डॉक्टर म्हणाले, "अजून डोस आहेत, मग ऑपरेशन." पुढच्या डोसाच्या दिवशी सकाळी भिमाजी भाकरी मोडत म्हणाला, "आता बास. कीड गेली. टोमॅटोचा तोडा सुरू व्हायच्या आधी आपण औषध बंद करतो का नाय? नायतर माल विषारी होतो."

"मी माल हाय?"

"केस गेले, नखं काळी पडली. अजून किती विष घालायचं? मी नाय नेणार."

सासू गोजराबाई चुलीपासून ओरडली, "नवऱ्याच्या जिवाला घोर, अन् हिची जीभ बघा!"

घोर त्याच्या जिवाला, आणि मरायचं मी. कुदळ उचलली आणि बांधावर गेले. तिथल्या हराळीवर त्यानं तणनाशक मारलं होतं. वरून पार तांबूस, वाळून कोळ झालेली. दोनदा खाली बसले, धाप लागली, पण खणलं. वीतभर खाली पांढरी काशी, हराळीची मुळी, सापडली. ती मातीसकट आणून त्याच्या ताटात टाकली.

"येडी झाली का?"

"मोडून बघा."

त्यानं नखानं मोडली. आत ओल होती.

"मेलीय का?"

त्यानं काशी ताटाच्या कडेला सारली.

"विचारते मी. ही तशीच ठेवली तर काय होईल?"

"फुटंल," तो खाली बघत म्हणाला. "सगळं रान खाईल."

"मग माझ्या छातीला हात लावून कशाला सांगता गेली म्हणून? वरचं वाळलेलं बघून?"

"ताटात माती टाकली अवदसेनं!" सासू म्हणाली.

"आज ताटात टाकली. मी डोस चुकवला तर माझ्यावर टाकाल. बसा मग जेवत."

भिमाजी उठला. चुकलं वगैरे काही म्हणाला नाही, तो म्हणणारा नव्हेच. हात न धुताच मोटारसायकल बाहेर काढली आणि किक मारली.

"बस."

"खड्ड्यातनं हळू न्या. उलटी आली तर तुमच्याच पाठीवर करीन."