बाप्तिस्म्याची काहील

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळतात ना, ती पसरट लोखंडी कढई. चार माणसांनी हात लावल्याशिवाय मी हलत नाही. हातकणंगल्याच्या एका लोहाराने मला घडवलं आणि बैलगाडीतून मी कोडोलीजवळच्या एका वाडीत, हंबीरराव पाटलांच्या गुऱ्हाळावर आले. तेवीस हंगाम मी चुलवाणावर काढले. माझ्यातला गूळ पाहून येणारे-जाणारे माना डोलवायचे. आपला जन्म यासाठीच, असं मला वाटायचं.

पुढे सगळा ऊस कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळ बंद पडलं. दोन वर्षं मी पालथी पडून होते. माझ्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालायच्या.

एके सकाळी शेजारच्या झुंबरबाई आल्या. "पाटील, ही काहील मला द्या. बाप्तिस्म्याला पायजे. नदीत मगरी हायत."

हंबीरराव हसले नाहीत. "न्या की," म्हणाले, "देवाचंच काम हाय."

वाडीत ख्रिस्ती घरं तीसेक, मंडळ्या म्हणजे उपासनेचे गट दोन; चर्चला इथे देऊळच म्हणतात. जुन्या मंडळीत तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. नव्या मंडळीचं म्हणणं असं, की माणसाने कळत्या वयात स्वतः विश्वास ठेवावा आणि मग पाण्यात पूर्ण बुडावं. शास्त्र दोघांचं एकच, वाचण्यात फरक.

झुंबरबाई नव्या मंडळीत गेल्या आणि पंचावन्नाव्या वर्षी पाण्याने भरलेल्या माझ्यात बसल्या, मागे रेलल्या, बुडून वर आल्या. कुंपणाबाहेर त्यांचा धाकटा भाऊ शांतवन उभा होता. तो जुन्या मंडळीचा पंच.

"आक्का, म्हंजे बाबांनी आपल्याला लहानपणी देवळात नेलं, ते खोटं व्हय?"

"खोटं न्हाय रं. पर बाबांनी नेलं. मी आपल्या पायानं गेले न्हवते."

शांतवन निघून गेला. पुढच्याच आठवड्यात त्याने जुन्या मंडळीच्या प्रभुभोजनाच्या यादीतून, म्हणजे देवळात भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा हक्क असलेल्यांतून, बहिणीचं नाव खोडलं. सात वर्षं त्याने झुंबरबाईंच्या या अंगणात पाऊल टाकलं नाही. दोघंही वचनांवरून भांडत होती; पण खरं दुखलं होतं ते वडिलांच्या नावावरून. झुंबरबाई मला घासताना एकट्याच पुटपुटायच्या, म्हणून मला ठाऊक.

यंदा झुंबरबाईंचा मुलगा राजवीर याला लेक झाली. आता तिचा बाप्तिस्मा कधी आणि कसा? शांतवनने निरोप धाडला, लेकरू देवळात आणा. झुंबरबाई म्हणाल्या, तिला कळू दे आधी. शेवटी राजवीरची बायको संयोगिता स्वतः जाऊन मामांना घेऊन आली. दोघं भावंडं माझ्या दोन बाजूंना बसली आणि लागलीच जुंपली.

बायबलात बंदिशाळेच्या नायकाची, म्हणजे तुरुंगाच्या अधिकाऱ्याची गोष्ट आहे. मार खाल्लेल्या दोन कैद्यांनी त्याला प्रभूची वाट सांगितली आणि त्याच्या सगळ्या घराचा एकाच वेळी बाप्तिस्मा झाला.

"सगळं घर म्हंजे लेकरंबी आलीच की!" शांतवन म्हणाला.

"लेकरं होती म्हणून कुठं लिव्हलंय? दाव मला."

"न्हवती म्हणून तरी कुठं लिव्हलंय?"

संयोगिता मांडीवरच्या लेकीला थोपटत होती. ती म्हणाली, "मामा, आत्ती, त्या घरात लेकरू होतं का न्हाई, ते लिहिलेलंच न्हाई. पण त्यानं आधी त्या कैद्यांच्या जखमा धुतल्या आणि मग त्यांना जेवायला वाढलं, हे लिहिलंय न्हवं? त्याच्यावरनं कुणीच कसं भांडत न्हाई?"

शांतवनने माझ्या काठावर हात ठेवला.

"आक्का, तुझं नाव मी खोडलं. रागानं खोडलं."

"ठाव हाय मला," झुंबरबाई म्हणाल्या. डोळे पुसून त्या उठल्या. "ताटं घे गं, संयोगिता. भाकरी गरम हायत."

मित्रांनो, वाद काही मिटला नाही. राजवीर आणि संयोगिताने लेकीला जुन्या मंडळीत नेलं आणि तिच्या कपाळावर पाणी शिंपडलं गेलं. झुंबरबाई मागच्या बाकावर बसून होत्या. मुलगी मोठी होऊन माझ्यात उतरेल की नाही, ते तिचं ती ठरवेल. प्रभुभोजनाच्या यादीत झुंबरबाईंचं नाव पुन्हा घालावं म्हणून शांतवन बाकीच्या पंचांशी भांडतोय; त्यांनी अजून मानलेलं नाही. पण दर रविवारी उपासना आटोपली की तो बहिणीकडेच जेवतो. जेवणानंतर दोघं पुन्हा त्याच नायकाच्या घरावरून वाद घालतात, आणि हसतातही.

मी सुखात आहे. तुमच्याकडे मागणं एवढंच. माझ्यात पाणी साचून राहू देऊ नका, लोखंड गंजतं. आणि पवित्र पुस्तकातली एखादी ओळ दाखवून कुणी तुम्हाला आपल्याच माणसापासून तोडू लागलं, तर तिथेच थांबू नका. तिच्या पुढची ओळही वाचा.