सुट्या सुळ्याची तगमग

मित्रांनो, मी एक जुना सुळा आहे. जुना म्हणजे केवढा? डायनोसॉर जन्माला आले त्याच्याही आधीचा! माझा धनी कुत्र्याएवढा होता. चालायचा सरड्यासारखा फेंगडा, पण त्याच्या तोंडात तऱ्हेतऱ्हेचे दात होते. पुढचे दात पकडायचे, मी मांसात रुतायचो आणि शेजारची दाढ चावायची. आमचं छान जमायचं.

धनी चिखलात गाडला गेला, चिखलाचा दगड झाला. तो दगड एका संग्रहालयात आला. तिथे दोघं भावंडं काम करत. भाऊ दगड कोरून हाडं सोडवी आणि ताई ती कोणाची हे ठरवी. कोरताना आम्ही दात जबड्यातून निखळलो. ताईने आम्हाला तळहातावर घेतलं.

"हाडं सरपटणाऱ्याची दिसतात आणि सरपटणाऱ्यांचे दात सगळे एका साच्याचे असतात," ती म्हणाली. "हे वेगवेगळ्या जनावरांचे. वेगळे ठेव."

झालं! आमची ताटातूट झाली. मला परक्या सुळ्यांच्या खणात टाकलं. खण उघडला की मी गडगडत पुढे यायचो, दाढ कुठे दिसते का बघायचो. माझा जीव थाऱ्यावर नसे.

मग ताईला दातांची आतली घडण बघायची हुक्की आली. करवतीखाली आधी दाढ गेली. तो आवाज मी ऐकला, मित्रांनो. मग भाऊने मला चिमट्यात आवळलं. माझं धाबं दणाणलं.

शेजारी ताई कडक पाव खात होती. खाताखाता ती एकदम थांबली.

"काय गं, दात पडला की काय?" भाऊने विचारलं.

"पाव सुळ्याने तोडला आणि दाढेनं चावतेय मी!"

"मग? सगळं जग असंच खातं."

"सगळं जग! आणि या दगडातल्या बिचाऱ्या जनावराला तेवढी बंदी? अरे, करवत बंद कर आधी!"

दोघांनी जबडा आणला. मी माझ्या खोबणीत चपखल बसलो. भाऊने टाळी वाजवली. ताईचं लक्ष मात्र शेजारच्या रिकाम्या खोबणीकडे गेलं. दाढेच्या पातळ चकत्या टेबलावर काचेला चिकटवलेल्या होत्या. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घाई केली मी," ती म्हणाली.

मित्रांनो, वेगळं दिसतं म्हणून परकं ठरवू नका. आधी जोडून बघा. आम्हाला जोडून बघायला त्यांना अर्धी दुपारसुद्धा लागली नाही. तेवढा वेळ आधी काढला असता, तर माझी दाढ आज माझ्याशेजारी असती.