दावणीचा आराम

वसरामनं मिनाच्या हातातले बूट हिसकून घेतले आणि कडब्याच्या गंजीवर भिरकावले.

"आता पळणं बंद. पोलीस भरतीपर्यंत आराम कर."

"बा, तारीख पुढं गेलीय. पायांची सवय मोडंल."

"पटाच्या बैलाला पटाआधी कोणी दमवतं का? त्याला बांधून चारतेत. तुला जास्त कळतं का मला?"

यावर कोण काय बोलणार? शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, वसरामची जोडी पहिली आलेली डोंगरकड्याच्या साऱ्या गावानं पाहिली होती. बैलाच्या बाबतीत तांड्यात त्याचा शब्द शेवटचा. मग लेकीच्या बाबतीतही तोच.

मिनाला पळणं शिकवलं होतं फौजेतून परतलेल्या भावसिंगनं. पुलापासून लिंबापर्यंत जीव तोडून पळायचं, चालत माघारी यायचं, छाती जरा निवली की पुन्हा. सुरुवातीला ती ओकायची. दिवाळीनंतर मांड्या दगडासारख्या झाल्या, गेलेला दम लवकर परतायला लागला. बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "पोलीस होऊन नवऱ्यालाच आत टाकंल ही!" मिनाही हसायची. पोलिसात लागली की बापानं बघितलेल्या शिरड शहापूरच्या सोयऱ्यांकडं नांदायला जाणं टळणार होतं. त्यांनी साफ सांगितलं होतं, नोकरीवाली सून आमाला नको. तरी वसराम भरतीला हो म्हणाला, कारण भावसिंगनं चारचौघांत विचारलं आणि चारचौघांत न्हाई म्हणायची त्याची छाती नव्हती.

मग आराम सुरू झाला. तिची आई जिवनबाई तूप-गूळ, शेंगदाणे, दूध पुढं करी. विहिरीवर जायचं नाही, रानात जायचं नाही. भावसिंग समजवायला आला तर वसराम म्हणाला, "तुझं फौजेचं फौजेत ठेव." तारीख पुन्हा पुढं गेली. मिनाचे गाल भरले.

"आता कशी लेकीवानी दिसून राहिली!" जिवनबाई म्हणाली.

मिना पांघरुणाआड मांडी दाबून बघायची. बोट आत जायचं.

हिंगोलीच्या मैदानावर तिनं पहिला फेरा रेटला. दुसऱ्यात मांड्यांत निखारे भरले आणि दम काही परतेना. मागच्या पोरी एकेक करून पुढं गेल्या. ती पोचली तेव्हा साहेबानं घड्याळ बंद करून खिशात टाकलं होतं.

फाटकाशी वसराम उभा होता.

"नशीब," म्हणाला आणि त्यानं तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. एस.टी.त तिला खिडकीजवळ बसवलं. एवढा मायेचा बाप, त्याला नावं ठेवायची तरी कोणत्या तोंडानं?

आठवड्यात सोयऱ्यांचा सुपारीचा निरोप आला. त्याच दुपारी कुरुंद्याचा मुंजाजी टेम्पोत बैल घालून दारात आला. पटाचा शौकीन गडी, पण तोंड उतरलेलं.

"वसरामभाऊ, याला काय झालं बघा. मागच्या पटाला वारा होता वारा. आता अर्ध्यातच ढेपाळून राहिला. खुराकात कमी न्हाई केली."

वसरामनं बैलाच्या मांडीवर हात फिरवला, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि बाजूला थुंकला.

"बांधून ठेवला व्हता?"

"व्हय. पट पुढं ढकलला ना. म्हटलं, आराम मिळंल."

"अरे लेका, दोन-चार दिवसाचा आराम येगळा! महिना-महिना दावणीला बांधलं की कसलाबी बैल जातो. कितीबी चार, चरबी चढते अन् मांडी गळते. पळवायचं, दम खाऊ द्यायचा, पुन्हा पळवायचं. माझ्या आज्यालाबी ठावं होतं हे. तुला काहून न्हाई?"

मिना पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. वसरामची नजर वर गेली. त्याचा हात बैलावरून खाली आला.

"मंग हा परत पळंल का?" मुंजाजीनं विचारलं.

मिनानं तांब्या पाहुण्याच्या हातात दिला आणि बापासमोर उकिडवी बसली.

"सांग की, बा. मीबी ऐकते."