दुसरा गिअर

दिराने गाडी उंच केली तेव्हा मी माहेरी होते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आले तर दारात आमचीच पिकअप उभी, पण लग्नात फोटोसाठी टाचा वर करून उभ्या राहिलेल्या बुटक्या मावशीसारखी. चाकं तीच, खालचा लोखंडी सांगाडा म्हणजे चासी तीच, इंजिन तिथंच. फक्त बॉडी आणि चासी यांच्यामध्ये तीन-तीन इंचांचे ठोकळे घालून सगळी बॉडी वर उचललेली. चाकांवर एवढी मोकळी जागा की मांजरीने आत पिल्लं घालावीत.

"काय वहिनी, कशी दिसते?" दीर म्हणाला. त्याचे दोन मित्र कंपाउंडच्या भिंतीवर बसलेले. त्यांच्या टोळक्यात सगळ्यांच्याच गाड्या अशा उचललेल्या.

"उंच दिसते," मी म्हटलं.

"तुम्ही आता स्टूल घेऊन फिरा बरोबर."

मित्र खिदळले. ते खिदळणार, त्यांना तेवढंच काम. पण दारात खुर्ची टाकून बसलेले माझे सासरेही हसले, आणि तो हसण्याचा आवाज मी नीट लक्षात ठेवला.

गाडी सासऱ्यांच्या नावावर. त्यांनी जन्मभर ड्रायव्हरकी केली, गुडघे गेले तेव्हा गाडी दारात लागली. ती मी हातात घेतली. सुताराच्या कारखान्यातली कपाटं, पलंग, टेबलं गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचं काम मी मिळवलं आणि टिकवलं. घर त्यावर चालत होतं. दिराला शनिवार-रविवार मित्रांना फिरवायला गाडी लागायची, बाकीचे दिवस तो नोकरी शोधायचा आणि ती त्याला सापडायची नाही. माझा नवरा स्वभावाने गरीब. त्याच्या कुणी थोबाडीत मारली तर तो म्हणेल, जाऊ दे, त्याचाच हात दुखला असेल.

दुसऱ्या दिवशी मी खरंच स्टूल लावून गाडीत चढले. लाज कसली? पोटासाठी माणूस शिडी लावतो. मागे तीन आरशांचं कपाट बांधलेलं होतं. निघाल्यावर कळलं की गिअरची मूठ हाताला लागत नाही. बॉडी वर गेली, सीट वर गेली, मी वर गेले. गिअरबॉक्स मात्र खाली चासीवरच. त्याचा दांडाही खालीच राहिला. प्रत्येक गिअरला मला एका अंगाला वाकून, विहिरीतून बादली काढल्यासारखं खाली हात घालावा लागत होता. त्यातून दांडा फ्लोअरच्या भोकाच्या कडेला घासत होता. पहिला पडला, तिसराही पडला. दुसरा आणि चौथा मागे ओढले की दांडा कडेला टेकायचा आणि अर्धवटच बसायचा.

पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडीला दम लागला, मी दुसरा टाकला, ॲक्सिलरेटर दिला आणि गिअर सुटला. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. मी वाकून मूठ शोधतेय तोवर गाडी मागे निघाली. वाकल्यामुळे पाय ब्रेकपर्यंत पोचेना. मागे एक सायकलवाला होता. ब्रेक लागला तेव्हा गाडीला असा हिसका बसला की दोर तुटला, कपाट रस्त्यावर आलं आणि तिन्ही आरशांचा चुरा झाला. सायकलवाला वाचला तो त्याच्या चपळाईने, माझ्या नव्हे. तो फुटपाथवर बसला आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सुतार भला माणूस, पण धंदा तो धंदा. म्हणाला, "ताई, सोमवारपर्यंत गाडी धड करून आणा. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल."

घरी आले तर दिराने आधीच निकाल लावून ठेवलेला. "झेपत नाही तर चालवायची कशाला? बाबा, आता गाडी माझ्या नावावर करूनच टाका. नाहीतर ही कुणाचा तरी जीव घेईल."

"जाऊ दे ना," माझा नवरा म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाच ठाऊक.

सासऱ्यांनी खूप वेळ गुडघा चोळला. मग म्हणाले, "रविवारी त्याच चढावर भरलेली गाडी दोघांनी न्यायची. जो वर नेईल त्याच्या नावावर करतो. दोघांनी नेली तर पुढचं पुढे."

"चालेल," दीर म्हणाला. "पण गिअर हिच्या हातून बिघडलाय. हिनेच नीट करून आणायचा."

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. तो धोंडा दुसऱ्याच्या हातात देणारा हा पहिलाच.

मी गाडी वेल्डरकडे नेली. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. त्याच्या शर्टाला इतकी भोकं की तो शर्ट की चाळण, सांगता येत नाही. गाडी आत घेताच तो हसला. "आली का शेवटी? मी म्हटलंच होतं."

"काय म्हटलं होतं?"

"बॉडी उचलली त्याच दिवशी. ठोकळे मीच बसवले ना. म्हटलं, दांडा कापून लांब करावा लागेल, थोडा वाकवावा लागेल. नाहीतर दुसरा धरणार नाही, भरलेली गाडी चढावर सुटेल. बाप-लेक दोघंही इथेच चहा पीत होते."

"दोघंही?"

"हो. धाकटे म्हणाले, मला रिकामीच फिरवायची आहे. मी म्हातारबाबांना म्हटलं, तुम्ही तरी ऐका, तुम्ही ड्रायव्हर माणूस. तर ते म्हणाले, भरून ती नेते, तिचं ती बघेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिराचं मी समजू शकत होते. त्याची अक्कल टायरच्या वर कधी गेलीच नाही. पण सासऱ्यांना माहीत होतं, भरलेल्या गाडीचा गिअर चढावर सुटला की काय होतं ते. त्यांनी गाडीखाली माणसं पाहिली होती. आणि मी निघाले तेव्हा ते दारात बसून होते. त्यांनी मला जाऊ दिलं.

"बोला, दांडा कसा करू?" ठिणगीने विचारलं. "सरळ तीन इंच वाढवतो, कडेला लागू नये म्हणून जरा बाक देतो. कुणालाही चालेल."

"कुणालाही नको. मला चालेल असा कर."

मी सीट पार पुढे ओढून बसले. माझी उंची म्हणजे दुकानात वरच्या फळीवरचा डबा मागून घ्यावा लागतो एवढी. ठिणगीने दांड्याला सळई टेकवून बघितली, खडूची खूण केली. मी म्हटलं, "अजून माझ्याकडे." त्याने सळई वाकवली. "अजून." मूठ माझ्या मांडीच्या अगदी शेजारी आली. डोळे मिटून हात खाली सोडला की मूठ तळव्यात. दुसरा मागे ओढला की कोपर कमरेशी, खांदा जागच्या जागी.

ठिणगी डोकं खाजवत म्हणाला, "तुम्हाला झकास आहे. पण धाकट्यांना अडेल हं. त्यांची मांडी म्हणजे खांब. सीट मागे घेतली तर गुडघा मुठीच्या वाटेत, पुढे घेतली तर पोट स्टिअरिंगला."

"मग?"

"मग दुसरा पुरता बसायचा नाही."

"अडू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. मी एवढंच म्हटलं, "जोड मात्र पक्का घाल. मोडायला नको." मोडला असता तर दोष माझ्यावर आला असता. मला दोष त्याच्या मांडीवर यायला हवा होता. त्याने दांडा कापला, मधे तुकडा जोडला, तापवून वाकवला, भोकाची कडही ग्राइंडरने मोठी केली. काम सुरेख झालं. एका हाताने गिअर टाकून बघितले आणि मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

रविवारी सकाळी गाडी घरी नेलीच नाही. ठिणगीकडून थेट चढावर. दिराने सिमेंटच्या गोणी आणून ठेवल्या होत्या, त्या भरल्या. त्याचे मित्र आले होते, सुतार आला होता, माझा नवरा एका कोपऱ्यात चुळबुळत उभा होता. चढाच्या पायथ्याशी बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. मी सगळ्यांना बाजूला केलं. "गाडीच्या मागे कुणी थांबायचं नाही."

"मागे कशाला येईल? मी चालवणार आहे," दीर म्हणाला, आणि मित्र पुन्हा खिदळले.

मग सासरे काठी टेकत पुढे आले. "दोघांच्याही शेजारी मी बसणार. बाहेरून काय कळतं?"

हे माझ्या हिशेबात नव्हतं.

आधी माझी पाळी. सासरे शेजारी बसले. पहिला टाकला, गाडी उचलली, चढाच्या पोटात दुसरा टाकला आणि तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. गाडी कण्हली, पण सुटली नाही. वर टाकीपाशी वळवून मी सावकाश खाली आणली. सासऱ्यांनी वाटेत एकदा दांड्याकडे पाहिलं. "बराच वाकवलाय."

"माझा हात आखूड आहे, बाबा."

"हं," ते म्हणाले.

खाली आल्यावर त्यांना लघवीला जायचं होतं म्हणून ते उतरले. परत आले तेव्हा दीर ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता आणि सीट खडखडत मागे सारत होता. सासऱ्यांचा पाय वर पोचेना. मी स्टूल आणून लावलं. त्यांचं कोपर धरलं. ते जड होते, गुडघे कुरकुरत होते, एका पायावर थांबून त्यांनी दम घेतला. माझं तोंड त्यांच्या कानापाशी होतं. एक शब्द पुरला असता. मला त्यांचा चहाचा कप दिसत होता, ठिणगीच्या दुकानातला, जो मी कधी पाहिलाच नव्हता. आणि तो सायकलवाला दिसत होता.

मी त्यांना वर चढवलं आणि दार लावून घेतलं.

दिराने गाडी झोकात सोडली. पहिल्या गिअरवर इंजिन ठणाणा ओरडत होतं, तोवर चढ लागला. मग त्याने दुसरा ओढला. मूठ त्याच्या मांडीला भिडली. त्याने जोर लावला, गाडी क्षणभर ओढली गेली आणि सुटली. इंजिन ओरडलं. तो खाली बघायला लागला, पाय फाकवून गुडघा वाटेतून काढायला लागला, आणि भरलेली गाडी मागे निघाली.

"ब्रेक! अरे, ब्रेक!" सासऱ्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला. मग हँडब्रेक ओढल्याचा करकराट. मागची चाकं घसरली, गाडी तिरपी झाली आणि धाडकन वाळूच्या ढिगात घुसली. दोन गोणी फुटल्या. सिमेंटच्या धुरळ्यात काही दिसेना.

माझा नवरा धावला. त्याला एवढ्या जोरात धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी चालत गेले.

सासऱ्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, बाकी ते धड होते. दीर बाहेर पडून ओरडत होता, "हिने काहीतरी करून ठेवलंय! दांडा मांडीला अडतो माझ्या!"

"आत्ताच तर चढवली ना मी," मी म्हटलं. "बाबाच शेजारी होते."

त्याचे मित्र यावेळी हसले नाहीत. सुतार म्हणाला, "गाडी बरी आहे की. माणूस मोठा आहे जरा." मग मात्र ते हसले.

सासरे खाली उतरले नव्हते. त्यांनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. आतल्या आत सरकत ते ड्रायव्हरच्या सीटवर आले, हात खाली सोडला आणि दुसरा टाकून बघितला. मग मांडी आड आणून पुन्हा टाकून बघितला. जन्मभर ड्रायव्हरकी केलेला माणूस तो, दोनदाच पुरलं. त्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

"मी चढत होतो तेव्हा तुला माहीत होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो, बाबा."

"कोपर धरलं होतंस माझं."

"हो."

"मेलो असतो मी."

"ठिणगीने तुम्हाला सांगितलं होतं. त्यानंतर मी कपाट घेऊन निघाले तेव्हा तुम्ही दारातच होता."

त्यांचा चेहरा सिमेंटने पांढरा झाला होता, म्हणून त्याचा रंग उडाला की नाही ते मला कळलं नाही. पण त्यांनी मान खाली घातली. मी आजवर त्यांना कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. याच क्षणासाठी मी आठवडाभर दात खात होते. तो आला, आणि मला वाटलं होतं तेवढा गोड लागला नाही. पण कडूही लागला नाही, खोटं कशाला बोलू?

त्यांनी चावी काढून माझ्या हातात ठेवली. "उद्या कागद करू. झालं समाधान?"

मी खरंच आत शोधून पाहिलं. "नाही, बाबा. अजून नाही."

त्यांनी वर पाहिलं. आता ते मला घाबरत होते, आणि यापुढे घाबरतच राहणार होते. एका घरात, एका स्वयंपाकघरातलं जेवत. मी त्यांना उतरायला हात पुढे केला. तो न धरता ते दाराला लटकत, गुडघे आपटत एकटेच खाली उतरले.

"भाऊजी," मी हाक मारली, "गोणी उतरवून घ्या. उद्या सकाळी मला गाडी रिकामी लागेल."

तो बापाकडे बघत राहिला. बाप काठी टेकत घराच्या वाटेला लागला. मग दिराने पहिली गोणी खांद्यावर घेतली.